मनूस, गुरुवारच्या उड्डाणाआधी

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सांगितलंस, गुरुवारच्या यादीत नाव लागलंय, आता आवाजाच्या पुढे जायचं. मी काही बोलायच्या आत म्हणालीस, "आई, आत काहीसुद्धा कळत नाही गं, नुसता काटा उडी मारतो." ते मला ठाऊक आहे. मॅक एकच्या, म्हणजे आवाजाच्याच वेगाच्या सुमारास आघाततरंग, म्हणजे एकाएकी वाढलेल्या दाबाची लाट, विमानाच्या दाब मोजणाऱ्या छिद्रांवरून सरकते, तेवढ्यापुरते उंचीचे नि वेगाचे आकडे गडबडतात आणि पुन्हा जागेवर येतात. कितीतरी वर्षं वर्गात शिकवलं हे. त्या आकड्यांसमोर आपलंच लेकरू बसेल, असं तेव्हा कधी मनात आलं नव्हतं.

काळजीचं काही लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे. तू पाठवलेला कॉकपिटमधला फोटो दादाने मोठा करून आणला. येणारा-जाणारा तुझं हसू बघतो. माझी नजर मात्र तुझ्या गुडघ्यांच्या मधोमध असलेल्या त्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या हँडलवर जाते, ओढलं की खुर्चीसकट बाहेर फेकणाऱ्या. तुझा डावा हात त्याच्या अगदी जवळ आहे. ते ओढायची वेळ आली तर ओढशील ना?

असो. तुझ्या कपाटाच्या दारावर ते नारिंगी एक्स-१ विमानाचं चित्र अजून आहे, मी काढू दिलेलं नाही. त्यातून पहिल्यांदा आवाजापुढे गेलेल्या चक येगरची गोष्ट तू ज्याला-त्याला ऐकवायचीस. त्या उड्डाणाच्या दोन दिवस आधी घोड्यावरून पडून बरगड्या मोडलेल्या, दार लावायला हात पुरेना म्हणून मित्राने झाडूच्या दांडक्याचा तुकडा कापून दिलेला. तुला ते दांडकं फार आवडायचं. मला त्या आधीचं उड्डाण जास्त महत्त्वाचं वाटतं. मॅक ०.९४ ला त्याने स्टिक मागे ओढली आणि विमानाने दाद दिली नाही. नाक जिथल्या तिथे.

कारण तुला पाठ आहे, तरी लिहिते. विमान येतंय अशी वर्दी दाबाच्या लहरी पुढच्या हवेला देतात, आणि त्या लहरींचा वेग म्हणजेच आवाजाचा वेग. जमिनीलगत १५ अंशांना ताशी साधारण १,२२५ किलोमीटर. ११ किलोमीटर उंचीवर उणे ५६ अंश थंडी, म्हणून तिथे साधारण १,०६० च. विमान अजून मॅक एकच्या खाली असतं, पण पंखाच्या फुगीर पाठीवरून जाणारी हवा आधीच ती हद्द ओलांडून गेलेली असते. तिथे आघाततरंग उभा राहतो, त्याच्या मागची हवा पृष्ठभाग सोडते. तोच तरंग शेपटीच्या एलेव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या पट्टीच्या, बिजागरीशी येऊन बसला की एलेव्हेटर कितीही हलवा, उपयोग शून्य. त्या दांडकेवाल्या मित्राने, जॅक रिडलीने, सुचवलं की नुसता एलेव्हेटर नको, शेपटीचा अख्खा आडवा पंखच थोडा थोडा फिरवू. तसं केलं, जपून जपून करून पाहिलं, आणि मग १४ ऑक्टोबर १९४७ ला, सुमारे १३ किलोमीटर उंचीवर, मॅक १.०६.

बघ, खडू-फळा सुरू झालाच. चिडू नकोस. मला एवढंच म्हणायचं होतं की विमान ऐकेनासं झालं त्या दिवशी तो परत फिरला. खाली येऊन सांगितलं, दुरुस्त करून घेतलं, मग पुन्हा गेला. परत फिरणारं माणूस भित्रं नसतं. तुला हे सांगावं लागतं, कारण तू सायकल सोडली नव्हतीस.

आठवतंय? उतारावर ब्रेक निकामी झाला, बाबा मागून ओरडत होते, "सोड, उडी मार!" तू हँडल घट्ट धरून थेट कुंपणात गेलीस. कोपर सुजून टम्म झालेलं, आणि पहिलं वाक्य काय, तर "सायकलला काही नाही झालं." बाबा ते सगळ्यांना कौतुकाने सांगतात. मी कधीच सांगत नाही.

विमान म्हणजे कोट्यवधींचा ऐवज, त्यामागे शेकडो लोकांची मेहनत, आणि प्रत्येक चांगल्या वैमानिकाला वाटतं की अजून दोन सेकंद दे, सावरतो. त्या दोन सेकंदांनी फार माणसं नेली, मनू. खुर्ची बनवणारे मार्टिन-बेकरवाले या कामाकडे वळले तेच अशा दुःखातून. १९४२ मध्ये व्हॅलेंटाइन बेकर स्वतःच्याच कंपनीचं नवं विमान उडवताना इंजिन बंद पडून गेले, आणि त्यांचे भागीदार जेम्स मार्टिन वैमानिक वाचवण्याच्या मागे लागले. २४ जुलै १९४६ ला बर्नार्ड लिंच नावाचा त्यांचा माणूस उडत्या विमानातून खुर्चीसकट बाहेर फेकला गेला आणि सुखरूप उतरला. आजवर त्यांच्या खुर्च्यांनी ७,००० हून अधिक जीव वाचवले आहेत. हँडल वेळेवर ओढलं गेलं म्हणून.

आवाजाच्या वेगातसुद्धा माणूस वाचतो. २६ फेब्रुवारी १९५५, वैमानिक जॉर्ज स्मिथ, एफ-१०० लढाऊ विमान. कंट्रोल अडकले, विमान नाक खाली करून समुद्राकडे निघालं, त्याने मॅक १.०५ ला उडी घेतली. हवेने बूट, मोजे, हेल्मेट सगळं ओरबाडून नेलं. कित्येक दिवस शुद्ध नव्हती, महिनोन्महिने दवाखान्यात. आणि मग पुन्हा विमानात बसला. पुढच्याच वर्षी मेल ॲप्ट. एक्स-२ मध्ये मॅक तीन ओलांडणारा पहिला माणूस, आणि त्याच वेगात वळला म्हणून विमान कोलांट्या खाऊ लागलं. त्याने नाकाचा भाग तोडून वेगळाही केला, पण त्यातून बाहेर पडून पॅराशूट उघडायला वेळ उरला नाही. मॅक तीनचा मान त्याचाच आहे. मला त्याच्या घरच्यांची आठवण येते.

आणि लुईस डी हॅविलंडची. तिच्याविषयी तुला कधी बोलले नाही. नवरा विमानं बांधणारा. १९०९ मध्ये त्याच्या पहिल्या विमानाच्या पंखांचं कापड तिने शिवणयंत्रावर स्वतः शिवलं होतं. धाकटा जॉन १९४३ मध्ये हवेत दोन विमानांच्या टकरीत गेला. थोरला जेफ्री २७ सप्टेंबर १९४६ ला वडिलांच्याच कंपनीचं, बिनशेपटीचं डीएच-१०८ घेऊन टेम्सच्या मुखाकडे निघाला. विक्रमाची तयारी चालली होती. मॅक ०.९ च्या आसपास विमान नाक वर-खाली आपटू लागलं आणि हवेतच फुटलं. लुईस खचली ती खचलीच. १९४९ मध्ये गेली. मधल्या काळात, ६ सप्टेंबर १९४८ ला, त्याच जातीच्या विमानातून जॉन डेरी आवाजाच्या पलीकडे गेला. जगाला तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या असतील. त्या घरात ती बातमी कशी वाचली असेल, कोण जाणे.

हे लिहायला नको होतं का? पण ती माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तुझ्यापासून लपवून मला लिहिता येत नाही.

लहानपणी वीज चमकली की तू माझ्या कुशीत शिरून मोजायचीस. एक, दोन, तीन, म्हणजे एक किलोमीटर. मी शिकवलं होतं, सेकंदाला ३४० मीटर. गडगडाट झाला की घाबरायची नाहीस, उलट रागवायचीस, "इतका हळू का येतो?" त्या प्रश्नाचं मला फार अप्रूप वाटलं होतं. तापमानाचं सूत्र सांगितलं, ते तुला कळलं नाही, आणि तू पांघरुणात हातांनी पंख करून म्हणालीस की आपण आधी जाऊन बसू नि त्याची वाट बघू. ते आता खरंच करणार आहेस तू. विमानाच्या मागे शंकूसारखा पसरलेला तो धक्का जमिनीवरून तुझ्याबरोबर सरकत जाईल, माणसं दुहेरी धडाका ऐकून वर बघतील, आणि तुला आत ऐकूही येणार नाही. माझा ऊर भरून येतो गं. जॅकलिन कोक्रन १८ मे १९५३ ला आवाजापलीकडे गेलेली पहिली बाई झाली तेव्हा ती चाळिशी ओलांडून पुढे होती. तू त्याच रांगेत आहेस. मी आजीला हे तीनदा समजावलं; तिने विचारलं, पट्टा नीट बांधते ना. बघ, मी एकटीच नाही.

तू जाऊ नकोस असं मी एकदाही म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. फक्त जमिनीवर असतानाच ठरवून ठेव: अमुक उंचीच्या खाली विमान हातात नसेल तर विचार करायचा नाही, ओढायचं. वर असताना ठरवायला वेळ मिळत नाही. तुझ्या इन्स्ट्रक्टरांनी हे सांगितलं असेलच. माझ्याकडूनही ऐक.

गुरुवारी उतरल्यावर आधी डीब्रीफिंग असेल, मग सगळे घेरतील. ते उरकून घे. नंतर कितीही उशीर झाला तरी फोन कर, बाबा झोपले असले तरी मी उचलेन. दादाशी नंतर बोल.

तुझी,
आई

ता. क. मांड्यांचे पट्टे सैल ठेवू नकोस. ओढताना पाठ ताठ, डोकं मागे टेकलेलं, कोपरं आत. मान पुढे झुकलेली असली तर मणक्याला इजा होते.