बाटल्यांची आंधळी कोशिंबीर

प्रिय दादा,

नमस्कार. आमच्याकडे वाईन चाखायचा कार्यक्रम आहे, असं मी वहिनीला फोनवर ओझरतं म्हणाले, तर तिने "पार्टी का गं?" म्हणत फोन तुझ्या हातात दिला आणि तू सरळ हवापाण्यावर गेलास! म्हणून आता सविस्तर लिहिते. पार्टी नव्हती. परीक्षा होती, आणि पेपर मी काढला होता. तुझा जन्म पेपर काढण्यात आणि तपासण्यात गेलाय, त्यामुळे यातली मजा घरात सगळ्यात आधी तुलाच कळेल.

आमचं सात जणांचं टोळकं आहे. त्यातला एक वाईनमधला जाणकार. तो बाटली उघडायच्या आधी लेबल मोठ्याने वाचतो, घोट घेतो आणि "चेरी" म्हणतो. मग आम्हा उरलेल्यांनाही चेरीच लागते. तो "मिळमिळीत" म्हणाला की आमचंही तोंड वाकडं होतं. माणूस चांगला आहे, त्याला खरंच कळतं. पण मला पाहायचं होतं की लेबल झाकलं आणि तोंडं बंद ठेवली, तर कोणाच्या जिभेवर काय उरतं.

बाटलीला कागदी पिशवी घातली की झालं, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. बाटलीचा खांदाच सगळं सांगून टाकतो: बोर्दो पद्धतीची बाटली ताठ खांद्याची, बर्गंडीची उतरत्या खांद्याची (हे दोन्ही फ्रान्समधले वाईनचे प्रांत). मानेवरचं वेष्टण, बूच की फिरकीचं झाकण, बाटलीचं वजन, यांवरूनही अंदाज बांधता येतो. म्हणून मी एकसारख्या सहा रिकाम्या बाटल्या जमवल्या, नुसत्या गरम पाण्याने धुतल्या (साबणाचा वास मागे राहतो आणि वाईनमध्ये उतरतो) आणि उपड्या ठेवून वाळवल्या. मग नरसाळं लावून प्रत्येकीत अर्धी अर्धी बाटली वाईन ओतली, म्हणजे 375 मिली. सात जणांना 50 मिलीप्रमाणे 350 लागतात. तळाशी थोडा गाळ राहिला तरी भागतं.

वाईन पाचच होत्या, सगळ्या लाल, नावं द्राक्षांच्या जातींची: पिनो नॉयर, मर्लो, काबर्ने सोव्हिन्यॉन, सिरा आणि नेबियोलो. बाटल्या मात्र सहा. काबर्ने मी आधी जगमध्ये पूर्ण ओतून घेतली आणि तिथून दोन बाटल्यांत सारखी वाटली. जगमध्ये का, तर उद्या कोणी म्हणू नये की एका बाटलीला हवा जास्त लागली. जुळ्या भावंडांची ही भानगड मी कोणालाच सांगितली नाही. प्रत्येक बाटलीच्या बुडाशी नावाची चिठ्ठी घडी घालून चिकटवली आणि बाहेर गेले. मग आमच्यातल्या एकाने एकटं आत जाऊन बाटल्या हव्या तशा फिरवल्या आणि मानेवर 1 ते 6 आकडे लिहिले. कुठल्या बाटलीत काय, हे त्याला ठाऊक नाही. कुठला आकडा कोणाला, हे मला ठाऊक नाही. यजमानाच्या चेहऱ्यावर उत्तर दिसतं, म्हणून ही खबरदारी. अर्थात जुळं आहे हे मला माहीत असल्याने माझा कागद निकालात धरायचा नाही, हे मी मनाशी आधीच ठरवलं होतं.

नियम मोजके होते. अत्तर लावून यायचं नाही. वाईन 16 ते 18 अंशांवर. त्याहून गरम झाली की अल्कोहोलच नाकात शिरतं, आणि फार थंड असेल तर वास दबतो आणि तुरटपणा तेवढा टोचतो. मध्ये मध्ये साधा पाव आणि पाणी. आधी पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून फक्त रंग बघायचा आणि लिहायचं, मग वास, मग घोट. शेवटी आवडीप्रमाणे 20 पैकी गुण. आणि सहावा ग्लास होईपर्यंत कोणी एक अक्षर बोलायचं नाही. हा शेवटचा नियम लोकांना सगळ्यात जड गेला. जाणकार तर दुसऱ्या ग्लासालाच घसा खाकरून "हं..." म्हणाला, तेव्हा मी त्याला शिक्षकासारखं बोट दाखवलं.

आणि हो, आईला सांग की यात थुंकतात! प्रत्येकाजवळ कागदी पेला ठेवला होता. सहा ग्लासांचे मिळून 300 मिली होतात. 13 टक्क्यांच्या वाईनमध्ये म्हणजे जवळजवळ 39 मिली निव्वळ अल्कोहोल. ते पोटात गेलं तर चौथ्या ग्लासानंतरचे गुण कोण देतंय तेच कळायचं नाही. सुरुवातीला सगळे लाजले, नंतर सरावले.

रंग आधी लिहायला लावला त्याचा फायदा झाला. पाचवा ग्लास बघून चौघांनी "हलकी असणार" असं लिहिलं, कारण ती फिकट होती, ग्लासाच्या काठाशी तर विटकरी झाक. घोट घेतल्यावर त्याच चौघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. हिरड्या आक्रसल्या, गाल आतून दातांना चिकटले. फार वेळ उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर होतं तसं. ती नेबियोलो. तिचा रंग फिका आणि टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतलं तुरट द्रव्य, मात्र जबरदस्त. टॅनिनला स्वतःची चव अशी फारशी नसते. ते लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत वाटायला लागतं.

डोळे जिभेला किती फसवतात यावर बोर्दोत एक प्रयोग झालाय, 2001 साली तो प्रसिद्ध झाला. वाईनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमध्ये बेचव लाल रंग घालून दिला, तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. ही शिकलेली मुलं हं. तेव्हा आमच्या चौघांना मी काय बोलणार?

चौथ्या ग्लासावर वेगळंच नाट्य घडलं. ती सिरा. बोलायची परवानगी मिळाल्याबरोबर तिघे एकदम "मिरी!" म्हणाले. एक मैत्रीण मात्र ठाम. "मिरीबिरी काही नाही, तुम्ही एकमेकांचं ऐकून बोलताय." कागद काढले तर तिघांनी आधीच लिहून ठेवलं होतं, म्हणजे ऐकून बोलण्याचा प्रश्न नव्हता. पण तीही खोटं बोलत नव्हती. सिराच्या त्या वासाला रोटंडोन नावाचं द्रव्य कारण असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिलं. काळ्या मिरीतही तेच असतं. आणि साधारण पाचातल्या एकाला त्याचा वास येतच नाही. हे सांगितल्यावर ती जिंकल्यासारखी बसली. याआधी असा वाद घालणाऱ्या किती जणांना आम्ही "तुला कळत नाही" म्हणून गप्प केलं असेल!

आता मुख्य निकाल. गुणांचे कागद मी आधी गोळा केले आणि मगच पाच नावांची यादी भिंतीवर लावली. सहा ग्लास, नावं पाच. दोन क्षण शांतता, मग एकच गलका. जाणकार हसत म्हणाला, "लबाड आहेस." जुळी निघाली 2 आणि 6. ग्लास नंबर 2 पिनो नॉयरनंतर लगेच आला होता. त्या मऊ वाईनपुढे काबर्ने सगळ्यांना दांडगट वाटली. एकाने "कडवट, उद्धट" असं लिहिलंय. ग्लास नंबर 6 आला नेबियोलोनंतर. जिभेवर आधीच काटे, त्यामुळे तीच काबर्ने आता "गोल, समंजस"! जाणकाराने स्वतः दुसऱ्याला 12 आणि सहाव्याला 17 गुण दिले होते. बाकीच्यांत दोघांनी दोन्हींना जवळपास सारखेच गुण दिले, पण त्यांनी सगळ्यांनाच 14-15 वाटले होते. असे परीक्षक तुझ्या बोर्डातही असतील.

जाणकाराची बाजू मी लगेच घेतली, कारण त्याचा चेहरा पडला होता. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन नावाचे निवृत्त प्राध्यापक, स्वतः वाईन करणारे. त्यांनी तिथल्या राज्य मेळ्याच्या स्पर्धेत 2005 पासून काही वर्षं हेच केलं: एकाच बाटलीतली वाईन परीक्षकांना इतर ग्लासांच्या गर्दीत तीनदा दिली. साधारण दहातला एकच परीक्षक तिन्ही वेळा एका पदकाच्या आसपास राहिला. त्यांचा तर हा पेशा. 1976 मध्ये पॅरिसला झालेल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी लेबल न बघता लाल वाईनमध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्स लीपला पहिलं ठरवलं, त्याचं कौतुक आजही होतं. मला मात्र आमच्या या परीक्षेपासून वाटतंय की त्या दहा लाल वाईनमध्ये एखादी दोनदा ठेवायला हवी होती. नुसतं लेबल झाकून परीक्षा वाईनची होते; परीक्षकाची व्हायची तर तोच प्रश्न दोनदा विचारायला हवा.

नावं जुळवण्याच्या फेरीत जाणकाराने मात्र आब राखली. जुळं बाजूला ठेवून पाचाचाच हिशेब केला तर त्याचे तीन बरोबर. मर्लो आणि काबर्ने यांची अदलाबदल. चार का नाहीत, असं एकाने त्याला चिडवलं, तेव्हा मला तुझी फार आठवण झाली. पाचात चार बरोबर येऊच शकत नाहीत. चार जागेवर बसली की पाचवं आपोआप बसतं! बाकीच्यांचे एक किंवा दोन बरोबर. त्यांना आनंद झाला, म्हणून मी गप्प बसले. पण डोळे मिटून नावं लिहिली तरी सरासरी एक बरोबर येतंच, मग ग्लास पाच असोत की पन्नास. सगळी चुकण्याची शक्यता 120 पैकी 44 आणि सगळी बरोबर येण्याची 120 पैकी 1. बरोबर ना?

उरलेल्या अर्ध्या बाटल्या जेवणाबरोबर संपल्या. लेबलं समोर आल्यावर सगळ्यांना परत चेरी लागायला लागली, ते असो.

पुढच्या वेळी फक्त तीन तीन ग्लास द्यायचा विचार आहे: दोनांत एक वाईन, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास कोणता ते ओळखायचं. नुसत्या नशिबाने ओळखायची शक्यता एक तृतीयांश. सात जणांपैकी किती जणांनी बरोबर सांगितलं तर फरक खराच कळतोय असं मानावं? माझं उत्तर पाच येतंय: पाच किंवा जास्त जण नशिबाने बरोबर येण्याची शक्यता 2187 पैकी 99, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत. चार धरले तर ती बरीच वर जाते. तू एकदा पडताळून बघ आणि आकडेमोडीसकट कळव, कारण जाणकार या वेळी कागद-पेन घेऊन बसणार आहे.

आईबाबांना नमस्कार. वहिनीला सांग, पुढच्या फोनला पळू नकोस.

तुझी,
धाकटी