रिकॉलची सूचना आजच्या मालकाला मिळाली पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोटरसायकलच्या एखाद्या भागात दोष निघाला आणि कंपनीनं त्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या, ज्याला रिकॉल म्हणतात, तर आज जो ती गाडी चालवतोय त्याला ते कळायला हवं. आपल्याकडं ते शोरूममध्ये पहिली पावती ज्याच्या नावानं फाटली त्याला कळतं. गाडी पुढं विकली गेली की सूचना मागंच राहते. पाटणला माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांत जुन्या बाजारातून घेतलेल्या गाड्याच जास्त, म्हणून हे पत्र लिहितोय.

पावसाळा सरता सरता कोयनेच्या बाजूच्या एका तरुणाची गाडी छोट्या हत्तीत घालून माझ्याकडं आणली. चिपळूणला कामाला, सुट्टीला घरी, सोमवारी पहाटे परत, असा त्याचा क्रम. कुंभार्ली घाट उतरायला लागला तेव्हा गाडी चौथ्या गिअरमध्ये होती. खाली आणायला लिव्हर दाबला तर तो दाबलेलाच राहिला, वर येईना. गाडी चौथ्यातच अडकली. वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. दोन-तीन वळणांतच ब्रेक शू तापले आणि ब्रेक धरेना. पोरानं डोक्यानं काम केलं, गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. खांद्याचं हाड मोडलं, पण जीव वाचला. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला काय आहे ते हा घाट उतरलेल्यांना सांगायला नको.

वाचकांना कल्पना यावी म्हणून सांगतो. गिअर लिव्हर पायानं दाबला की आतला शाफ्ट फिरतो. शाफ्ट ड्रमला, म्हणजे खाचा असलेल्या नळकांड्याला, एक घर पुढं ढकलतो, त्या खाचांतून फोर्क, म्हणजे आतले काटे, सरकतात आणि फोर्क गिअर जोडतात. पाय उचलला की लिव्हर परत मधल्या जागी आणायचं काम एका स्प्रिंगचं. ती गेली की लिव्हर लोंबकळतो आणि पुढचा गिअर पडत नाही. स्प्रिंगची किंमत किरकोळ, पण ती बसलेली असते खोल आत. मी ऑइल काढलं, उजवं कव्हर उघडलं, क्लच उतरवला, तेव्हा तुकडा हातात आला. मोडलेल्या जागी अर्धा भाग काळपट होता आणि अर्धा चकचकीत. म्हणजे चीर कधीची पडली होती, ऑइल आत मुरत होतं, आणि राहिलेला भाग त्या दिवशी घाटात तुटला. ही चूक चालवणाऱ्याची नव्हती आणि खराब रस्त्याचीही नव्हती. माल कच्चा होता.

पार्ट आणायला चासी नंबर घेऊन कराडला गेलो. काउंटरवरच्या मुलानं नंबर टाकला आणि म्हणाला, "या गाडीला रिकॉल ओपन दिसतोय, हा पार्ट फुकट बदलून मिळतो." कंपनीला दोष माहीत होता, दुरुस्ती ठरलेली होती, पार्टही आलेला होता. सूचना गेली होती एमएच १४ ची गाडी पहिल्यांदा ज्यानं घेतली त्या पिंपरीच्या माणसाच्या मोबाइलवर. त्यानं गाडी केव्हाच विकून टाकली होती.

खरी चीड इथं येते. ही गाडी काही कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन फिरवलेली नव्हती. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून, फी भरून आरसी रीतसर नव्या मालकाच्या नावावर झाली होती. त्याचं नाव, पत्ता, मोबाइल सगळं सरकारच्या 'वाहन' प्रणालीत होतं. मालक कोण हे सरकारला ठाऊक, दोष काय हे कंपनीला ठाऊक, आणि या दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही. दंडाची पावती मात्र त्याच मोबाइलवर बरोबर येते.

कायदा नाही असंही नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं ११०अ हे कलम आलं. गाडीतल्या दोषामुळं चालवणाऱ्याला किंवा रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा धोका असेल, तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्या त्यात येतात आणि दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत आहे. कंपनीनं आपण होऊन दोष सांगितला तर दंड नाही. ही तरतूद मला योग्य वाटते, कारण लपवणाऱ्याला धाक हवा आणि सांगणाऱ्याला मोकळीक हवी.

आपण होऊन सांगितल्याची उदाहरणंही आहेत. मार्च २०२१ मध्ये होंडानं हायनेस सीबी ३५० च्या काही गाड्या परत बोलावल्या. २५ नोव्हेंबर ते १२ डिसेंबर २०२० या दिवसांत बनलेल्या गाड्यांत काउंटरशाफ्टवरच्या, म्हणजे गिअरबॉक्समधल्या एका दांड्यावरच्या, चौथ्या गिअरला ठरल्यापेक्षा वेगळं मटेरियल वापरलं गेल्याची शक्यता होती. वॉरंटी असो वा नसो, बदली मोफत होती. त्याच वर्षी मे महिन्यात रॉयल एनफील्डनं इग्निशन कॉइलसाठी, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या पार्टसाठी, २,३६,९६६ गाड्या बोलावल्या. यात कंपनीची अब्रू जाते असं मला वाटत नाही. उलट अशा कंपनीची गाडी मी गिऱ्हाइकाला बिनधास्त घ्यायला सांगतो. पण आमच्या भागात रिकॉल म्हटलं की 'गाडी डिफेक्टिव्ह आहे' एवढंच ऐकू येतं. विकणारा ते झाकतो, कारण भाव पडतो. घेणाऱ्याला विचारायचं सुचत नाही.

यावर उपाय अवघड नाही आणि खर्चाचा तर नाहीच. आरसी नावावर करताना संगणकात गाडीचा नंबर घालतातच. रिकॉल बाकी असेल तर तिथंच लाल अक्षरात दिसावं आणि घेणाऱ्याची त्यावर सही घ्यावी. नावावर करणं अडवू नका, गरिबाची अडवणूक नको, फक्त त्याला कळू द्या. तेच पीयूसीचं. पीयूसीवालाही नंबर घालतो, फोटो काढतो, सगळं 'वाहन'लाच जोडलेलं असतं. त्या प्रमाणपत्रावर मराठीत एक ओळ छापा: 'या गाडीचे रिकॉलचे काम बाकी आहे, कंपनीच्या सेंटरला मोफत करून घ्या.' ब्रिटनमध्ये सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की तपासणीचा इतिहास दिसतो आणि रिकॉल बाकी असेल तर तोही तिथंच दिसतो. आपल्याकडं यंत्रणा उभी आहे, फक्त जोडणी करायची आहे.

आणखी एक गोष्ट शहरात बसून लक्षात येत नाही. काम मोफत असलं तरी कोयना खोऱ्यातल्या माणसाला त्यासाठी कराड किंवा सातारा गाठावं लागतं. दिवसाचा रोज बुडतो, पेट्रोल जातं, आणि तिथं गेल्यावर 'पार्ट आला नाही, पुढच्या आठवड्यात या' हे ऐकावं लागतं. दुसऱ्यांदा कोण जाणार? हल्ली कंपन्या तालुक्याच्या ठिकाणी मोफत सर्व्हिस कॅम्प घेतात, मांडव घालतात, नव्या गाड्या उभ्या करतात. त्याच मांडवात रिकॉलच्या गाड्यांचं काम करा. पार्ट आधी मागवून ठेवा आणि ज्यांच्या गाड्या आहेत त्यांना आदल्या आठवड्यात फोन करा. गिअर शाफ्टचं काम तासा-दोन तासांचं, कॅम्पमध्ये सहज होतं.

आम्हा गॅरेजवाल्यांनाही यात घ्या. खेड्यातली गाडी वॉरंटी संपली की शोरूमचं तोंड पाहत नाही, ती आमच्याकडंच येते. सगळ्या कंपन्यांचे रिकॉल एका जागी, मराठीत, चासी नंबर टाकून मोबाइलवर पाहता आले तर ऑइल बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी तिथंच सांगेन. त्याचे पैसे कुणी मागणार नाही. माझ्या ओळखीच्या फिटर मंडळींनाही मी विचारलं, सगळे तयार आहेत. गिअर सुटतो, लिव्हर ढिला लागतो, न्यूट्रल पडत नाही, अशा तक्रारी पहिल्यांदा आमच्या कानावर येतात. एकाच मॉडेलच्या चार गाड्या एकाच तक्रारीनं आल्या तर ते कळवायला आम्हालाही एखादी सोपी जागा हवी.

आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे की जिल्हा पानावर बाजारभाव छापता तिथंच महिन्यातून एकदा रिकॉलची यादीही द्यावी: कंपनी, मॉडेल, कोणत्या तारखांना बनलेल्या गाड्या आणि कोणता पार्ट. कांद्याचा दर बघायला ते पान उघडणारे बहुतेक जण दुचाकीवरूनच बाजाराला जातात. तेवढं कात्रण मी गॅरेजच्या दारावर चिकटवीन.

आपला,
एक गॅरेजचालक
पाटण, जि. सातारा