रिस्टोअर्ड सांगून २००३ ची डीव्हीडी पाठवलीत, त्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

नमस्कार,

ऑर्डर नंबर, बिल आणि फोटो सोबत जोडलेत, तेव्हा प्लीज परत तेच मागू नका, तुमच्या चॅटवाल्यांना आधीच सगळं पाठवून झालंय. तुमच्या साईटवर ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीच्या 'झिगी स्टारडस्ट अँड द स्पायडर्स फ्रॉम मार्स' या कॉन्सर्ट फिल्मचा रिस्टोअर्ड (जुनं चित्र साफसूफ केलेला) सेट विकायला होता, म्हणजे २०२३ मध्ये त्या शोला पन्नास वर्षं झाली म्हणून काढलेला, एक ब्लू-रे आणि दोन सीडीवाला. लिस्टिंगमध्ये अगदी तसंच लिहिलंय, स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. घरी आली एकच डीव्हीडी, तीही २००३ ची. आणि कहर म्हणजे मागच्या बाजूला जिथे साल छापलंय नेमकं तिथेच 'न्यू रिस्टोअर्ड एडिशन' असं तुमचं स्टिकर, नखाने खरवडलं तर खाली २००३. चुकून दुसरंच पाकीट उचललं गेलं असतं तर मी फोनवरच मिटवलं असतं, पण ते स्टिकर कोणीतरी बसून, बघून चिकटवलंय.

चॅटवर उत्तर काय आलं, तर "सर फिल्म सेमच आहे, शो १९७३ चाच आहे". हे वाचून डोकं फिरलं, आणि खरं तर पैशापेक्षा या उत्तरासाठीच हे पत्र लिहितोय.

शो १९७३ चा आहे हे मलाही माहितीये. ३ जुलै, लंडनचं हॅमरस्मिथ ओडियन. बोवीने शेवटच्या गाण्याआधी स्टेजवरून सांगून टाकलं की हा नुसता टूरचाच नाही तर आमचा शेवटचाच शो, आणि मागे उभा असलेला बेसवाला ट्रेव्हर बोल्डर आणि ड्रमवरचा वुडी वूडमन्सी दोघांनाही याचा पत्ता नव्हता (असा बॉस कोणाला मिळू नये, पण ते असो). डायरेक्टर डी. ए. पेनिबेकरने हे शूट केलं १६ एमएमवर, म्हणजे अरुंद फिल्मवर, अंधाऱ्या हॉलमध्ये, स्टेजच्या लाल-निळ्या लाईटात. त्यामुळे जुन्या कॉप्यांमध्ये चेहरा म्हणजे लाल डाग आणि मागे सगळा काळोख, आणि ही डीव्हीडी आमच्या मोठ्या टीव्हीवर लावली तर अजूनच फिस्कटलं, कारण डीव्हीडीत जास्तीत जास्त ५७६ ओळींचं चित्र असतं आणि ब्लू-रेत १०८०. आता हे शास्त्रीय संगीताचं रेकॉर्डिंग असतं तर मी म्हटलं असतं जाऊ दे, डोळे मिटून ऐकू. पण हे ग्लॅम रॉक आहे हो! मेकअप, चकाकी, जपानी डिझायनर कान्साई यामामोटोचे ते अचाट कपडे, बोवीचा गिटारवाला मिक रॉन्सन गिटार घेऊन कसा वाकतो, हे दिसलंच नाही तर निम्मा शो गेला. आवाजाबद्दल माझी तक्रार नाही, तो २००३ साठी बोवीचा जुना प्रोड्युसर टोनी व्हिस्कॉन्टीने नव्याने मिक्स केला होता आणि चांगलाच आहे.

पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे. त्या रात्री शेवटी शेवटी नावाजलेला गिटारवादक जेफ बेक पाहुणा म्हणून स्टेजवर आला होता. बोवीचं 'द जीन जिनी' वाजवलं, त्यातच मध्ये बीटल्सचं 'लव्ह मी डू' घुसवलं, मग चक बेरीचं 'राउंड अँड राउंड'. रॉन्सन स्वतः बेकचा भक्त, त्याच्या शेजारी उभं राहून वाजवतोय म्हटल्यावर त्याचं काय झालं असेल विचार करा. हा सगळा भाग थिएटरला आलेल्या फिल्ममधून आणि २००३ च्या डीव्हीडीतूनही कापलेला होता, तो २०२३ च्या आवृत्तीत परत घातला. बेक त्याच वर्षी जानेवारीत गेला. म्हणजे "फिल्म सेमच आहे" हे तुम्ही अशा माणसाला सांगताय ज्याने ती फिल्म सेम नाही म्हणूनच घेतली. ही भेट होती माझ्या मोठ्या भावासाठी, दादाकडे बोवीच्या कॅसेट आहेत, जुनी डीव्हीडीसुद्धा आहे! तो बिचारा शेवटपर्यंत बघत बसला आणि मग म्हणाला, "अरे बेक कुठाय?" मी काय सांगणार कप्पाळ.

मुंबईतलं ते जुनं म्युझिकचं दुकान, रिदम हाऊस, असतं तर काळा घोड्याला जाऊन डबा हातात घेऊन उलटापालटा करून घेतला असता, ते बंद झालं म्हणून तर तुमच्यासारख्यांकडे यावं लागतं.

दुसरं उत्तर आलं की सील तोडलंय म्हणून रिटर्न होणार नाही. सील तोडल्याशिवाय तुमच्या स्टिकरखालचं वाचायचं कसं ते पण सांगा. शिवाय २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम बघा जरा, जाहिरातीत सांगितलं तसा माल नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. त्याच नियमांत हेही आहे की तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. पोच अजून आलेली नाही. तशीच राहिली तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करणार, धमकी म्हणून नाही, आधीच सांगून ठेवतोय.

मला हवंय ते एवढंच, एकतर लिस्टिंगमध्ये होता तो ब्लू-रे आणि दोन सीडींचा सेट पाठवा, स्टॉकमध्ये नसेल तर डिलिव्हरी चार्जसकट पूर्ण पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात टाका. वॉलेट पॉइंट नकोत, कूपन तर अजिबात नको. तोपर्यंत ते लिस्टिंग काढून टाका, कारण ते अजून तसंच लाईव्ह आहे, सकाळीच बघितलं. आणि ही डीव्हीडी परत न्यायला माणूस पाठवणार असाल तर आधी फोन करा, दुपारी घरी कोणी नसतं आणि वॉचमन पार्सल ठेवून घेत नाही.

आपला,
एक वैतागलेला ग्राहक