भाषांचा नकाशा ठिपक्यांनी काढावा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत आशियातील भाषांचा रंगीत नकाशा पाहिला. त्यात चीनच्या शिनच्यांग प्रांतात बोलल्या जाणाऱ्या उइगुर भाषेचा हिरवा पट्टा गुजरातीच्या आठपट भरतो. क्षेत्रफळाच्या हिशेबाने ते ठीकच. शिनच्यांग सुमारे १६.६ लाख चौरस किलोमीटर, गुजरात १.९६ लाख. पण आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या माझ्यासारख्याला हे काही पटेना.

शिनच्यांगच्या दक्षिण भागात तकलामकानचं वाळवंट पसरलं आहे. नकाशात तेही हिरवंगार! उइगुर बोलणारी जुनी गावं बसली ती त्याच्या कडेकडेने, डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांच्या पाण्यावर: काशगर, यारकंद, होतान. पूर्वेला द्राक्षांचं तुर्फान. उत्तरेच्या अल्तायमध्ये कझाक बोलणारे पुष्कळ, आणि राजधानी उरुम्चीत चिनीच जास्त. २०२० च्या जनगणनेत प्रांतातले उइगुर भरले सुमारे १.१६ कोटी. गुजराती भाषक २०११ साली एकट्या भारतात साडेपाच कोटींच्या घरात होते.

बरं, चीनची हद्द संपली की आपला हिरवा रंगही संपतो. प्रत्यक्षात पलीकडे कझाकस्तानात अल्माटीच्या बाजूला उइगुरांची वस्ती आहे. १९६२ साली शिनच्यांगमधल्या इली नदीच्या खोऱ्यातून हजारो लोक सोव्हिएत हद्दीत निघून गेले, तेही तिकडेच. तिथे उइगुर माध्यमाच्या शाळा आहेत, अल्माटीत उइगुर रंगभूमी आहे. लिपी मात्र रशियन वळणाची. काशगरला तीच भाषा अरबी वळणाच्या लिपीत लिहितात. आणि चीनमध्ये, होतान विभागात, २०१७ साली शाळांतून उइगुर वापरायलाच मनाई करणारा आदेश निघाला. भाषा कुठे बोलली जाते हे सांगताना ही गोष्ट गाळून कसं चालेल?

गुजरातीचं उलट. ती व्यापाऱ्यांबरोबर गलबतातून कराचीला आणि पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासा, दार-ए-सलामला पोचली. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकललं, तेव्हा त्यातले कितीतरी गुजराती इंग्लंडात लेस्टरला जाऊन स्थिरावले. मुंबईत तर ‘मुंबई समाचार’ १८२२ पासून निघतो. आपल्या नकाशात मुंबई सबंध मराठीच्या रंगात!

आमच्या नवापूरला येऊन पाहा. रेल्वे स्टेशन एकच, पण तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध राज्याची सीमा रंगवलेली आहे. लोक फोटोसाठी त्यावर बसतात, आणि घोषणा मराठीतही होते, गुजरातीतही. बाजारात भाव करताना तर कोण कुठल्या भाषेत सुरू झाला नि कुठल्यात संपला, याचा पत्ता लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अख्ख्या प्रांताला ब्रश न फिरवता दर लाख बोलणाऱ्यांमागे एक ठिपका द्यावा, ही विनंती. शाळेच्या भिंतीवर लावायला असा नकाशा मला हवाच आहे.

– एक निवृत्त भूगोल शिक्षक, नवापूर (जि. नंदुरबार)