वजने उचलायची, पण कोणत्या दिवशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांसाठी साप्ताहिक वेळापत्रक प्रसिद्ध झाले. रोज किती किलोमीटर धावायचे, कोणत्या गतीने धावायचे आणि आठवड्यातली सर्वांत लांब धाव कधी ठेवायची, याचा तपशील त्यात बारकाईने दिलेला आहे. ताकदीच्या व्यायामाबद्दल मात्र 'विश्रांतीच्या दिवशी हलकी वजने, प्रत्येक प्रकार वीस-पंचवीस वेळा' एवढी एकच ओळ आहे. या ओळीत दोन चुका आहेत, आणि मी स्वतः धावते व हौशी धावपटूंना शिकवते, त्यामुळे त्या दोन्ही चुका पूर्वी मीही केलेल्या आहेत.

पहिली चूक हलक्या वजनाची. मिनिटाला 170 पावले धरली, तरी तासाभराच्या धावण्यात 10,000 हून अधिक पावले पडतात. एवढी आवर्तने रोज करणाऱ्या पायांना आणखी पंचवीस हलक्या बैठकांतून फारसे काही मिळत नाही. त्यांना कमी पडते ते बळ. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार एकाच पायावर येतो आणि तो पाव सेकंदाच्या आसपास पेलून परत जमिनीला रेटा द्यावा लागतो. जड वजनाने मज्जासंस्थेला एकाच वेळी अधिक स्नायुतंतू कामाला लावण्याची सवय होते, टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) अधिक ताठ होऊन स्प्रिंगसारखी ऊर्जा परत देते आणि त्यामुळे त्याच गतीने धावायला कमी प्राणवायू लागतो. नॉर्वेतल्या 2008 च्या एका अभ्यासात धावपटूंनी 8 आठवडे, आठवड्यातून तीनदा, जेमतेम चार वेळा उचलता येईल इतक्या जड वजनाच्या अर्ध्या बैठकांचे चार सेट केले. त्यांची ऊर्जेची बचत सुमारे 5 टक्क्यांनी सुधारली आणि शरीराचे वजन वाढले नाही. वजने उचलली की अंग जड होते ही भीती माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण बोलून दाखवतो, म्हणून हा शेवटचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो.

एक उदाहरण देते. 20 किलोमीटर सहज धावणाऱ्या एका ताईंना मी पायरीच्या कडेवर एका पायाच्या चवड्यावर उभे करून, गुडघा सरळ ठेवून टाच उचलायला सांगितली. पहिल्या पाच वेळा टाच पूर्ण वर गेली, सहाव्या वेळेपासून दर खेपेला ती थोडी थोडी खाली राहू लागली आणि दहाव्या वेळी जेमतेम पायरीच्या पातळीला आली. दमसास भरपूर होता, पण पोटरीत बळ नव्हते. पोटरीच्या आतल्या थरातील सोलियस या स्नायूवर धावताना फार मोठा भार येतो, म्हणून हाच व्यायाम गुडघा वाकवूनही करावा आणि पुढे हातात वजन घेऊन करावा.

दुसरी चूक दिवसाची, आणि माझ्या मते ती अधिक नुकसान करते. संशोधक रॉबर्ट हिकसन यांच्या 1980 मधील प्रयोगात एका गटाने 10 आठवडे ताकदीचा आणि दमसासाचा असा दोन्ही व्यायाम जवळजवळ रोज केला. त्यांची ताकद सातव्या आठवड्याच्या सुमारास वाढायची थांबली आणि शेवटी घटू लागली. या प्रयोगाचा दाखला देऊन 'दोन्ही एकत्र करू नये' असे सांगितले जाते. पण त्याच गटाची प्राणवायू वापरण्याची क्षमता फक्त दमसासाचा व्यायाम करणाऱ्यांइतकीच वाढली होती, हे सांगायचे राहून जाते. तोटा झाला तो ताकदीच्या बाजूला. धावपटूला खरा धोका थकव्याचा आहे. जड बैठकांनंतर एक-दोन दिवस पाय थकलेले राहतात. अशा पायांनी दुसऱ्या दिवशी वेगाच्या फेऱ्या घेतल्या, की पाऊल अलगद पडण्याऐवजी थपथप आपटू लागते. मैदानाच्या कडेला उभे राहून नुसत्या आवाजावरून ते ओळखता येते.

म्हणून विश्रांतीचा दिवस खऱ्या अर्थाने मोकळा ठेवावा आणि वजने कष्टाच्याच दिवशी घ्यावीत: सकाळी वेगाच्या फेऱ्या, मध्ये किमान सहा तास, संध्याकाळी वजने आणि दुसऱ्या दिवशी हलकी धाव किंवा पूर्ण विश्रांती. दोन्ही एकाच वेळी उरकावे लागले, तर आधी धावावे. लांब धावेच्या आदल्या दिवशी जड वजनाला हात लावू नये.

आठवड्यातून दोनदा पुरते. नवख्याने पहिले चार ते सहा आठवडे हलक्या वजनावर जाणकाराच्या नजरेखाली ढब पक्की करावी. मगच जड वजनाचे तीन-चार सेट, प्रत्येकी चार ते सहा वेळा, दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटे थांबून. आणखी एक-दोन वेळा उचलता आले असते असे वाटत असतानाच सेट संपवावा. शर्यतींच्या काळात पुष्कळ जण वजने साफ सोडून देतात आणि काही आठवड्यांतच कमावलेले गमावतात. त्या काळात आठवड्यातून एकदा केले तरी ताकद बरीचशी टिकते. फक्त शेवटचे जड सत्र शर्यतीच्या सात ते दहा दिवस आधी संपवावे.

पुढील वेळापत्रक छापताना किलोमीटरच्या रकान्याशेजारी वजनांसाठी स्वतंत्र रकाना द्यावा, आणि त्यात दिवस, वेळ, सेट व आवर्तने लिहावीत, अशी माझी विनंती आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक धावपटू व प्रशिक्षक