वीस चुकांची फीत

ठाणे
रविवार, दुपार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडत होतीस तेव्हा मी काही बोलले नाही. रडणाऱ्या माणसाला फोनवर समजवायला गेलं की ते जास्तच रडतं. बाबांनी तर लगेच "परत येते का विचार" अशा खुणा सुरू केल्या होत्या. त्यांना मी दूध बघायला पाठवलं. प्रोग्रॅममध्ये अधिकच्या जागी उणे पडलं आणि तीन आठवड्यांचे निकाल वाया गेले, असंच झालं ना? मग ऐक. या विषयात मलाही चार शब्द बोलायचा हक्क आहे.

तू केंब्रिजला गेल्यापासून तुझ्या त्या कॉम्प्युटरच्या डिपार्टमेंटबद्दल मिळेल ते वाचत बसते. रिटायर झालेल्या बाईला दुसरा उद्योग काय! इथे केंब्रिज म्हटलं की लोकांना रँग्लर परांजपे आठवतात, नाहीतर नारळीकर. मला मात्र आवडला तुमच्या डिपार्टमेंटचा जुना प्रमुख, मॉरिस विल्क्स. का, ते पुढे सांगते.

१९३७ साली तुमचं डिपार्टमेंट निघालं ते 'मॅथेमॅटिकल लॅबोरेटरी' या नावाने. पहिला प्रमुख लेनार्ड-जोन्स, म्हणजे रसायनवाला. विद्यापीठात ज्याला कुणाला मोठा हिशेब करायचा असेल त्याने इथे यावं, यंत्रं वापरावीत, मदत घ्यावी, हा हेतू. 'कॉम्प्युटर' म्हणजे तेव्हा हिशेब करणारं माणूस, आणि बऱ्याचदा ती बाईच असे. पुढे लढाई आली, जागा सरकारी कामाला गेली. १९४५ ला विल्क्स परतला आणि प्रमुख झाला. १९४६ च्या मे महिन्यात प्रोग्रॅमही स्वतःच्याच आठवणीत ठेवणाऱ्या नव्या तऱ्हेच्या यंत्राबद्दलचा, अमेरिकेतल्या फॉन नॉयमनचा अहवाल त्याच्या हाती आला, तोही एका रात्रीपुरता. झेरॉक्स नव्हतं, त्यामुळे पठ्ठ्या रात्रभर वाचत बसला. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत जाऊन व्याख्यानं ऐकून आला, आणि परतीच्या बोटीवर स्वतःच्या यंत्राची आखणी सुरू केली.

ते यंत्र एडसॅक. तीन हजारांच्या आसपास व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते, जागा जुन्या अॅनाटॉमीच्या इमारतीत. त्याची आठवण ठेवायची तऱ्हा वाचून मी हसले. पाऱ्याने भरलेल्या पाचेक फूट लांब नळ्या. एका टोकाने आवाजाचे ठोके सोडायचे, दुसऱ्या टोकाला पकडायचे आणि पुन्हा पहिल्या टोकाला आणून सोडायचे. तू लहानपणी दुकानात जाताना "अर्धा किलो रवा, पाव किलो गूळ" घोकत जायचीस ना, अगदी तसं. घोकणं थांबलं की आठवण गेली.

६ मे १९४९ ला ते चाललं आणि ० ते ९९ चे वर्ग छापून दाखवले. मँचेस्टरचं यंत्र त्याच्या आदल्या वर्षीच चाललं होतं, तेव्हा 'जगात पहिलं' म्हणून मिरवू नकोस. पण मँचेस्टरचं ते प्रयोगाचं होतं. दुसऱ्यांच्या रोजच्या कामाला आलं ते हे. विल्क्सने मुद्दामच सर्वांत वेगवान यंत्राच्या मागे न लागता भरवशाचं बांधलं. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती ना! केंड्र्यूने मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना शोधताना त्यावर हिशेब केले, १९६२ चं नोबेल मिळवलं. जॉइस व्हीलर नावाच्या मुलीने ताऱ्यांच्या पोटातली गणितं केली. तिचा गाइड फ्रेड हॉइल, म्हणजे पुढे नारळीकरांचाही तोच. आणि पैशाला हातभार कुणी लावला म्हणतेस? लायन्स कंपनीने, म्हणजे चहाच्या दुकानांची साखळी चालवणाऱ्यांनी! तीन हजार पौंड दिले, आपला माणूस दिला, आणि एडसॅक चाललेलं बघून हिशेबासाठी स्वतःचं यंत्र बांधलं. १९५१ साली बेकरीचा हिशेब कॉम्प्युटरवर!

प्रोग्रॅम कागदी फितीवर भोकं पाडून लिहायचे. तयार झालेली फीत यंत्राजवळच्या दोरीवर अडकवायची. ऑपरेटर एकेक काढून यंत्राला भरवणार. आपल्या चाळीतल्या गॅलरीत वाळत घातलेले कपडेच आले डोळ्यांसमोर.

आता माझं. मी १९८५ मध्ये फोर्टातल्या एका ऑफिसात पंच ऑपरेटर म्हणून लागले, हे तुला माहीत आहे. ऐंशी रकान्यांचं कार्ड. पण तिथली पद्धत तुला कधी सांगितली नाही. एक मुलगी कार्ड पंच करायची आणि दुसरी तीच माहिती व्हेरिफायरवर पहिल्यापासून पुन्हा टाइप करायची. जुळलं नाही की यंत्र अडायचं. म्हणजे मी चुकणार हे ऑफिसने आधीच धरलेलं, आणि त्यासाठी एक अख्खं टेबल, एक बाई आणि तिचा पगार ठेवलेला. पहिल्या महिन्यात मला तो अपमान वाटला होता. शिवाय गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलने तिरकी रेघ मारायची. गठ्ठा हातातून सुटून कार्डं पसरली तर रेघ जुळवत ओळीने लावता यायची. माझा गठ्ठा दोनदा सुटला. दुसऱ्यांदा रेघ मारलेली नव्हती. संध्याकाळची ५:४० ची लोकल गेली, पुढच्या तीनही गेल्या.

विल्क्सचं तेच झालं. यंत्र चालल्यावर महिन्याभरात त्याने पहिला खराखुरा प्रोग्रॅम लिहिला, सव्वाशे ओळींचा. ती फीत पुढे किती वर्षांनी सापडली, लोकांनी तपासली, तर त्यात वीसेक चुका! तोवर त्याला वाटत होतं की नीट विचार करून लिहिलं की प्रोग्रॅम बरोबरच येणार. फीत घेऊन जिन्यावरून वर-खाली करताना, वळणावर, त्याच्या लक्षात आलं की आता उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग आपल्याच चुका शोधण्यात जाणार आहे. हे त्याने आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय. एवढा मोठा माणूस, लपवलं नाही. म्हणून मला आवडतो.

आणि त्यावर तिथल्या लोकांनी रडगाणं गायलं नाही. एकदा तपासलेले छोटे तुकडे कपाटात जपून ठेवायला लागले, पुढच्याने तेच वापरावेत म्हणून. त्याला तुम्ही सबरूटीन म्हणता. डेव्हिड व्हीलर, विल्क्स आणि गिल यांनी १९५१ मध्ये त्यावर पुस्तकच काढलं. १९५३ मध्ये एक वर्षाचा डिप्लोमा सुरू केला. कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण तिथून सुरू झालं म्हणतात.

तुमच्याच डिपार्टमेंटच्या कॅरन स्पार्क जोन्सबद्दल तूच मला पहिल्यांदा सांगितलंस. १९७२ सालची तिची युक्ती मी तुझ्या मावशीला अशी समजावली: सोसायटीच्या यादीत 'जोशी' शोधलंस तर अर्धी बिल्डिंग येईल, पण एखादं विरळा आडनाव शोधलंस की थेट दार सापडतं. जो शब्द सगळीकडे, त्याची किंमत कमी. आज शोधयंत्रं त्यावर चालतात, पण बाईंना प्रोफेसर व्हायला १९९९ उजाडलं. याबद्दल मला जे वाटतं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावल्याची गोष्ट बाबा येईल त्याला सांगतात, मी ती लिहीत नाही. अथर्वकडे ते रास्पबेरी पाय नावाचं पत्त्याच्या कॅटएवढं यंत्र आहे ना, तेही तुमच्याच तिथल्या लोकांच्या डोक्यातून निघालं. प्रवेशाला येणाऱ्या पोरांनी कधी स्वतः प्रोग्रॅमिंग करून बघितलेलंच नसतं, ही त्यांची काळजी. अथर्व त्यावर गेम खेळतो, ते वेगळं.

तर आता कर काय, तुझ्याबरोबरची ती तमिळ मुलगी आहे ना, तिला तुझा कोड वाचायला दे आणि तू तिचा वाच. लाज वाटली तर माझं व्हेरिफायरचं टेबल आठव. ती रन पुन्हा लावलीस का, तेवढं कळव.

भाजणी आणि मेतकूट कुरिअरने पाठवलंय. मेतकुटाच्या डब्यात चमचा कोरडाच घाल.

तुझी,
आई