सरकारने बिल भरावं, दवाखाना चालवू नये

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

सध्या देशाच्या राजकारणात आरोग्यावर बोलायचं म्हणजे आकड्यांची बोली लावायची असंच झालंय. मोदी सरकारने २०१८ ला आयुष्मान भारत आणून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच दिलं, तर काँग्रेसने २०२४ च्या जाहीरनाम्यात थेट २५ लाख लिहून टाकले. मी कायम भाजपचा मतदार, तरी सांगतो, ही चढाओढ तिजोरीलाही परवडणारी नाही आणि पेशंटच्याही कामाची नाही.

माझं म्हणणं एवढंच की गरिबाच्या उपचाराचे पैसे सरकारने जरूर भरावेत, पण दवाखाने स्वतः चालवायचा हट्ट सोडावा. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात शेजारी एक काकू आहेत, विड्या वळतात, धाप लागायला लागली म्हणून त्यांना एका सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगले होते, तपासलं पण नीट, पण गोळ्या स्टॉकला नाहीत म्हणून चिठ्ठी हातात दिली आणि बाहेरच्या मेडिकलमधून आणा म्हणाले. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यात केसपेपरचे पैसे घेत नाहीत, पण औषधच विकत आणायचं असेल तर त्या माफीचा काय उपयोग? यात तिथल्या डॉक्टरला दोष देऊन चालणार नाही, मोठी खरेदी मुंबईतून, भरती मुंबईतून, आणि पेशंटच्या शिव्या मात्र त्याने खायच्या.

याउलट राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पेशंट आपल्या पसंतीच्या ट्रस्टच्या किंवा खाजगी हॉस्पिटलला जातो, ऑपरेशन होतं आणि बिल सरकार भरतं, हीच पद्धत बरोबर आहे. पण त्यातही २०२३ ला सगळ्याच रेशनकार्डवाल्यांना घेतलं, पांढरं कार्डसुद्धा, आणि केंद्राने २०२४ ला आयुष्मानमध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो. ज्याच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत त्याचं बिल आमच्या टॅक्समधून कशाला? तो पैसा काकूंसारख्यांसाठी ठेवा ना. ज्याची ऐपत आहे त्याने पॉलिसी काढावी, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य केलाय, हे काम सरकारने मनापासून चांगलं केलं.

एक गोष्ट मात्र मला फार लागते. पूर्वी विडीवर सेस, म्हणजे ठराविक कामासाठीचा वेगळा कर, असायचा आणि तो विडी कामगारांच्याच कल्याणाला जायचा, त्यांचे दवाखाने, पोरांच्या स्कॉलरशिप त्यातून चालायच्या. धंद्यातला पैसा धंद्यातल्या माणसालाच, यात कुणाचे उपकार नव्हते. २०१७ ला जीएसटी आला आणि तो सेस गेला, आता सगळं बजेटमधून किती मिळेल त्यावर. आमच्याच सरकारच्या काळात हे झालं याचं वाईट वाटतं, आणि सोलापुरात घरोघरी बायका विड्या वळत असताना इथल्या कुठल्याच पक्षाने हा विषय नीट लावून धरला नाही.

धर्मादाय हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा गरिबांना फुकट आणि १० टक्के सवलतीत द्यायच्या असा आपल्या राज्यात कायदाच आहे. त्या खाटा रोज किती रिकाम्या आहेत ते हॉस्पिटलच्या दारात मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्ये बोर्डावर लिहायला लावा, आणि योजनेतली हॉस्पिटलांची बिलं वेळच्या वेळी द्या. सोलापूरच्या खासदार-आमदारांनी, पक्ष कोणता का असेना, नव्या योजनेची घोषणा करायच्या आधी ही दोन कामं करून घ्यावीत ही विनंती.

आपला,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर